स्वीकारानंतरची प्रत

शोधनिबंध स्वीकारल्याचं कळवणाऱ्या ई-मेलचा पहिला परिच्छेद सगळे वाचतात. तो घरच्यांना वाचून दाखवतात, गाईडला पाठवतात, विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागते. खरं काम सांगितलेलं असतं ते त्याच ई-मेलच्या खालच्या भागात. अंतिम प्रत अमुक तारखेच्या आत पाठवा, सोबतच्या साच्यात बसवा, आकृत्या वेगळ्या फायलींमध्ये द्या, हक्कांच्या कागदावर सही करा, सगळ्या लेखकांची नावं एकदा तपासून घ्या. मुदत बहुधा आठ-पंधरा दिवसांची. त्यातले पहिले काही दिवस आनंदात जातात आणि उरलेले धावपळीत.

संशोधनाचा विषय कसा निवडावा, नमुना कसा घ्यावा, संदर्भ कसे द्यावेत यावर पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये तास होतात. परीक्षकांच्या शंकांना उत्तरं कशी द्यावीत हे गाईड सांगतात. स्वीकारानंतरच्या टप्प्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण तो कारकुनी समजला जातो. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. निबंध लेखकाच्या हातात असण्याची ही शेवटची वेळ असते. यानंतर तो वाचकाच्या, ग्रंथालयाच्या आणि पुढे त्याचा आधार घेणाऱ्या अनोळखी संशोधकाच्या हातात जातो. इथे राहिलेली चूक पुढे दहा निबंधांमध्ये उतरते. हे पुस्तक या टप्प्याबद्दल आहे.

ते रोडपालीत लिहिलं गेलं याला कारण आहे. रोडपाली हे पनवेल तालुक्यातलं मूळचं गाव, आता कळंबोलीच्या सिडको सेक्टरांमध्ये मिसळून गेलेलं. एका बाजूला कळंबोलीचं लोखंड-पोलाद मार्केट, दुसरीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत, आणि हाकेच्या अंतरावर पुण्याला जाणाऱ्या द्रुतगती मार्गाची सुरुवात. नवीन पनवेल, कामोठे, खारघर इथल्या महाविद्यालयांत शिकवणारे कितीतरी जण या परिसरात राहतात. दिवसा तास घ्यायचे, संध्याकाळी उत्तरपत्रिका तपासायच्या आणि जेवणं आटोपल्यावर स्वतःचं संशोधन उघडायचं, असा त्यांचा क्रम. मोठ्या संस्थेत असतो तसा तयार प्रती बघणारा माणूस त्यांच्या दिमतीला नसतो. मी नियतकालिकांसाठी प्रतसंपादन आणि मुद्रितशोधन करते, म्हणून ही मंडळी या टप्प्यावर माझ्याकडे येतात. त्यांच्या लॅपटॉपवर जे पाहिलं आणि त्यांच्याशी जे बोलले, त्यातून या पुस्तकातली प्रकरणं तयार झाली.

सगळ्या प्रकरणांना धरून ठेवणारी गोष्ट आधी सांगते. परीक्षकांनी एक विशिष्ट मजकूर वाचला, त्यावर शंका घेतल्या, त्यांची उत्तरं तपासली आणि त्या मजकुराला होकार दिला. तो होकार लेखकाच्या हुशारीला नसतो, त्या मजकुराला असतो. म्हणून अंतिम प्रतीत तोच मजकूर गेला पाहिजे, आणि तो निर्दोष होऊन गेला पाहिजे. स्वीकारानंतर सुचलेला नवा निष्कर्ष कितीही देखणा असला तरी तो पुढच्या निबंधात घालावा. त्याचबरोबर, चूक आढळली आणि ती निष्कर्षाला धक्का देणारी असली, तर झाकून न ठेवता संपादकाला त्याच दिवशी कळवावी. बदलाचा अधिकार इथे फार थोडा असतो आणि तपासण्याची जबाबदारी फार मोठी. बरेच जण नेमकं उलट वागतात. वाक्यं नव्याने सजवत बसतात, आकडे मात्र पुन्हा पाहत नाहीत.

स्वीकार आणि छपाई यांच्यातलं अंतर किती मोठं असू शकतं, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सुरुवातीच्या लेखनाच्या वाटचालीत दिसतं. ९ मे १९१६ रोजी त्यांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात छापून आला १९१७ च्या मे महिन्यात, म्हणजे वर्षभराने. कोलंबियातल्या त्यांच्या पीएच.डी. प्रबंधाची कथा याहून लांबलेली आहे. त्या काळी तिथल्या नियमाप्रमाणे प्रबंध नुसता मान्य होऊन भागत नसे. तो छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दाखल कराव्या लागत. आंबेडकरांनी प्रबंध लिहिला पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत. छापील प्रबंध म्हणून दाखल केलेलं, ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचं त्यांचं पुस्तक लंडनच्या पी. एस. किंग कंपनीने प्रसिद्ध केलं १९२५ साली, त्यांचे गुरू सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह. पदवी हातात पडली १९२७ मध्ये. ज्यांना पंधरा दिवसांची मुदत जाचक वाटते, त्यांनी मान्यता आणि पदवी यांच्यामधली ही वर्षं मनात धरावीत.

‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा आणखी एक प्रबंध लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी.साठी होता. परीक्षकांना तो जसाच्या तसा पटला नाही. आंबेडकर तोवर मुंबईला परतायच्या बेतात होते, पैशांची ओढाताण होती. मुंबईत बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहून काढला आणि लंडनला धाडला. तो मान्य झाला आणि १९२३ संपता संपता पुस्तकरूपाने आला. त्याला प्रास्ताविक लिहिलं त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांनी, आणि त्यात आपल्याला या लेखकाची बरीच टीका मान्य नाही हे त्यांनी उघड सांगितलं. मार्गदर्शकाचा मतभेद पुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापला गेला आणि लेखकाने तो तसाच राहू दिला. आपल्याकडे गाईडचं मत आणि विद्यार्थ्याचं मत यांत सुईचंही अंतर दिसू नये असा प्रयत्न असतो. म्हणून हे उदाहरण मला मोलाचं वाटतं.

तिसरा प्रसंग १९३६ चा. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने आपल्या परिषदेचं अध्यक्षपद त्यांना दिलं होतं. भाषणाचा मजकूर पाहिल्यावर त्यातला काही भाग गाळावा असा मंडळाचा आग्रह सुरू झाला. आंबेडकरांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं. परिषद बारगळली. तेच भाषण ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने त्यांनी स्वतः मुंबईतून प्रसिद्ध केलं आणि पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. तेरा वर्षांत दोन वेळा माणूस वेगळा वागला असं यात काही नाही. परीक्षकांनी मांडणीतल्या त्रुटी दाखवल्या तेव्हा पुन्हा लिहायला बसणं, आणि म्हणणंच सौम्य करा असा आग्रह झाला तेव्हा स्वल्पविरामालाही हात लावू न देणं, या दोन्ही गोष्टी एकाच शिस्तीच्या आहेत.

हा फरक आजच्या संशोधकाला रोज लागतो. प्रतसंपादक व्याकरण सुधारतो, वाक्यं आटोपशीर करतो. त्या ओघात कधी ‘असण्याची शक्यता आहे’ याचं ‘आहे’ होतं, ‘काही नमुन्यांमध्ये’ याचं ‘नमुन्यांमध्ये’ होतं. वाक्य वाचायला आधीपेक्षा बरं लागतं आणि दावा आधीपेक्षा मोठा झालेला असतो. तिथे लेखकाने नम्रपणे, पण ठामपणे मूळ शब्द परत मागायचा. स्वल्पविराम, परिच्छेद, शैली यांबाबत नियतकालिकाचं ऐकावं. दाव्याच्या वजनाबाबत कुणाचंही ऐकू नये. यावर मी एक संपूर्ण प्रकरण लिहिलं आहे, कारण माझ्याकडे येणारे बहुतेक जण इंग्रजीच्या धाकाने संपादकाची प्रत्येक दुरुस्ती डोळे मिटून मान्य करतात.

आता आकड्यांकडे येते. तळोजा वसाहत आणि कासाडी नदी जवळ असल्याने या भागातल्या महाविद्यालयांत पाण्याच्या नमुन्यांवर निबंध लिहिले जाणं स्वाभाविक आहे. समजा, अशा एका निबंधात रोडपालीच्या परिसरातल्या विहिरींचं पाणी तपासलं आहे आणि तक्त्यात शिशाचं प्रमाण दिलं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १०५०० हे मानक आहे. त्याच्या २०१२ च्या आवृत्तीप्रमाणे शिसं लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा, म्हणजे १० मायक्रोग्रॅमपेक्षा, जास्त नसावं. मायक्रोसाठी ‘म्यू’ हे ग्रीक अक्षर वापरतात. जुन्या सवयीचे लोक ते ‘सिंबॉल’ नावाच्या फॉन्टमध्ये टाइप करतात. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी ‘एम’ची कळ दाबली की पडद्यावर ‘म्यू’ उमटतो. फाईल प्रकाशकाकडे जाते, साच्यात ओतली जाते, फॉन्ट बदलतो आणि ‘म्यू’च्या जागी साधा ‘एम’ उघडा पडतो. मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम होतात. मर्यादेच्या आतलं पाणी छापील कागदावर हजारपट विषारी ठरतं, आणि तक्ता इतका नीटनेटका दिसतो की कुणाला शंकाही येत नाही. घातांकांचंही असंच होतं. दहाचा पाचवा घात, म्हणजे एक लाख, वरचा पाच खाली उतरला की एकशे पाच होतो. जिवाणूंची संख्या देणाऱ्या तक्त्यात याने काय होईल हे वेगळं सांगायला नको.

यात लेखकाचा अभ्यास कमी पडलेला नसतो. प्रयोग नीट झालेले असतात, उपकरण नीट जुळवलेलं असतं, परीक्षकांनी पाहिलेल्या प्रतीत एकक बरोबर असतं. बिघाड होतो तो स्वीकारानंतर, साच्यात ओतताना. म्हणूनच ‘आम्ही आधीच सगळं तपासलं होतं’ हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. ज्या रूपात छापलं जाणार, त्या रूपात पुन्हा तपासलं पाहिजे.

सॉफ्टवेअर किती मुकाट्याने घोळ घालतं याचं जगप्रसिद्ध उदाहरण जनुकांच्या नावांचं आहे. काही मानवी जनुकांची संक्षिप्त नावं इंग्रजी महिन्यांच्या नावांसारखी होती. एक्सेल त्यांना तारीख समजून परस्पर बदलून टाकायचं; ‘सेप्ट २’ या जनुकाचं दोन सप्टेंबर व्हायचं. २०१६ मध्ये ‘जीनोम बायोलॉजी’त आलेल्या एका पाहणीत, एक्सेलच्या पुरवणी याद्या जोडलेल्या जनुकविषयक निबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात अशा चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली. खारघरच्या अॅक्ट्रेकमध्ये कर्करोगावर संशोधन चालतं. तिथल्या किंवा इतर कुठल्या प्रयोगशाळेतल्या तरुणांनी जुन्या याद्या वापरताना हे लक्षात ठेवावं. पुरवणी फाईल कुणी उघडून पाहत नाही ही समजूत चुकीची आहे. पुढचा संशोधक सर्वांत आधी तीच उघडतो.

जागेच्या नावांचा घोळ आपल्या भागात जरा जास्तच आहे. रोडपालीचा पत्ता लिहिताना लोक ‘नवी मुंबई’ लिहितात, टपालालाही ते चालतं. पण नवी मुंबई महानगरपालिका ठाणे जिल्ह्यात आहे, आणि रोडपाली रायगड जिल्ह्यातल्या पनवेल महानगरपालिकेत. ही महापालिका १ ऑक्टोबर २०१६ ला अस्तित्वात आली. त्यामुळे २०११ च्या जनगणनेचे आकडे घेणाऱ्याला ती त्या नावाने सापडणारच नाही. गावांचे आणि जनगणना शहरांचे आकडे वेगळे घ्यावे लागतील, आणि तसं घेतल्याचं तक्त्याखाली लिहावं लागेल. रायगड जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं. जुन्या गॅझेटियरमधला ‘कुलाबा’ मुंबईतला कुलाबा समजून परदेशी वाचकाने नकाशा काढला तर दोष त्याचा नाही. त्यात रोमन लिपीत एक अक्षर इकडेतिकडे झालं की आपला रायगड छत्तीसगडमधल्या रायगढला जाऊन मिळतो. निबंधात पहिल्यांदा नाव येतं तिथे तालुका, जिल्हा, राज्य एकदाच स्वच्छ लिहावं.

अक्षांश-रेखांशाचंही एक सांगून ठेवते. रोडपाली साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश पूर्व रेखांशावर येते. काही संगणक-प्रणाली अक्षांश आधी मागतात, काही रेखांश. रकाने उलटे भरले गेले की नमुना घेतल्याची जागा थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाते. आकडे दोन्ही बरोबर, दशांशापर्यंत बरोबर, आणि विहीर ध्रुवाकडे. अंतिम प्रत पाठवण्यापूर्वी तक्त्यातले आकडे नकाशावर टाकून पाहायला पाच मिनिटं पुरतात.

आणि भारताचा नकाशा आकृती म्हणून देणार असाल तर देशाची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणेच असली पाहिजे. परदेशी सॉफ्टवेअरमधला तयार नकाशा उचलून लावू नये. हे छापल्यावर लक्षात येणं फार महागात पडतं.

माणसांच्या नावांकडे आपण आणखी कमी लक्ष देतो. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं असतात. एका निबंधात तिन्ही, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात नुसती आद्याक्षरं, असं केलं की सूचीमध्ये एका माणसाची तीन माणसं होतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची तर निम्मी कामगिरी दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर पडून राहते. २०१२ पासून सुरू झालेला ‘ऑर्किड’ हा संशोधक-क्रमांक यावरचा चांगला उपाय आहे. तो फुकट मिळतो आणि आयुष्यभर चालतो.

आद्याक्षरांना किती महत्त्व आहे ते पाहायचं तर श्रीखंडे यांच्याकडे पाहावं. शरच्चंद्र शंकर श्रीखंडे नागपूरला शिकले आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले. ऑयलरने १७८२ मध्ये लॅटिन चौरसांबद्दल मांडलेला तर्क खोटा आहे, हे राजचंद्र बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी दाखवून दिलं. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. त्यांचे चिरंजीव मोहन श्रीखंडे हेही गणिताच्या त्याच शाखेतले. वडील एस. एस., मुलगा एम. एस. संदर्भयादीत एक अक्षर चुकलं की वडिलांचं काम मुलाच्या नावे जातं. आणखी एक गोष्ट आहे. १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांचा दोघांचा निबंध आला, पार्करचा स्वतंत्र निबंध आला, आणि दोन व सहा सोडून त्या तर्कात येणाऱ्या सगळ्या संख्यांबाबत ऑयलरचा तर्क फसतो हे सांगणारा तिघांचा निबंध १९६० मध्ये ‘कॅनेडियन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये आला. तिघांचं नाव देऊन १९५९ च्या दोघांच्या निबंधाचा पत्ता लिहिणं सोपं आहे, आणि चूकही. संदर्भयादी दुसऱ्याच्या यादीवरून उतरवू नये, मूळ निबंधाचं पहिलं पान उघडून जुळवावी, हा सल्ला सगळे देतात. तो पाळायची शेवटची संधी अंतिम प्रत करताना मिळते.

मराठीतून शोधनिबंध लिहिणाऱ्यांची अडचण निराळी आहे. बरंच लेखन अजून श्रीलिपी किंवा आयएसएमसारख्या प्रणालींमध्ये जुन्या पद्धतीने टाइप केलेलं असतं आणि नियतकालिक युनिकोड मागतं. रूपांतर करताना रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी एक घर सरकते, जोडाक्षरं फुटतात आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीच्या भूगोलावरच्या निबंधात हे किती ठिकाणी होईल याची कल्पना करावी. स्पेलचेक इथे मदतीला येत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. रूपांतर केलेली प्रत पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मुळाशी ताडून पाहणं एवढाच मार्ग आहे.

प्रती ताडून पाहण्याची आपली परंपरा मोठी आहे. गोव्यातून आलेले अनंत काकबा प्रियोळकर मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाचे संचालक होते. रघुनाथ पंडितांच्या दमयंती-स्वयंवराची चिकित्सक आवृत्ती त्यांनी हस्तलिखितं जुळवून सिद्ध केली, आणि पुढे १९५८ मध्ये भारतातल्या मुद्रणकलेचा इतिहासही लिहिला. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललं. शेकडो वर्षांपूर्वीच्या लेखनिकाची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरली म्हणून या विद्वानांना आयुष्यं द्यावी लागली. आपल्या निबंधाचा लेखनिक संगणक आहे, आणि मूळ लेखक अजून हयात आहे. ताडून पाहणं त्याच्याइतकं कुणालाच सोपं नाही.

साच्याबद्दल आता थोडक्यात. परिषदांच्या निबंधांना अजून ‘कॅमेरा-रेडी’ प्रत म्हणतात. लेखकाने पाठवलेल्या पानाचाच फोटो काढून छपाईची प्लेट करत, तेव्हाचा तो शब्द. आज कॅमेरा नाही, पण अर्थ तोच आहे: तुम्ही पाठवाल तसंच छापलं जाईल, मध्ये कुणी सुधारणारा नाही. म्हणून दोन रकान्यांची रुंदी, समास, आकृतीतल्या अक्षरांचा आकार, पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत असणं, कागदाचा आकार ए-फोर की अमेरिकी लेटर, हे सगळं लेखकाच्याच माथी येतं. कंटाळवाणं आहे, आणि करायचंच आहे. डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ मध्ये आपल्या संगणकशास्त्रावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी प्रुफं आली. अक्षरजुळणीची पद्धत बदलल्यामुळे गणिताची पानं त्यांना इतकी खराब दिसली की त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणालीच लिहायला घेतली. आज जगभरचे गणिती आणि अभियंते वापरतात ती ‘लाटेक’ तिच्यावरच उभी आहे. पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २००८ पर्यंत ते २.५६ डॉलरचा चेक पाठवत, ती रीतही प्रसिद्ध आहे. आपल्या छापील पानाबद्दल इतकी आस्था बाळगणारा माणूस जगातल्या सर्वांत कामात असलेल्या शास्त्रज्ञांपैकी एक होता.

मोठ्या नियतकालिकांकडून शेवटी येतं ते प्रूफ. सोबत लेखकासाठी प्रश्नांची यादी असते आणि उत्तर बहुधा दोन दिवसांत हवं असतं. यादीतले प्रश्न सोडवले की काम झालं असं समजून बहुतेक जण ‘मान्य’चं बटण दाबतात. ते प्रश्न अक्षरजुळणी करणाऱ्याला पडलेले असतात. ज्या चुका त्याला दिसल्या नाहीत त्या यादीत कशा असतील? माझी पद्धत साधी आहे. प्रूफ कागदावर छापून घ्यावं. दोघांनी बसावं. एकाने परीक्षकांनी मान्य केलेल्या प्रतीतून तक्ते मोठ्याने वाचावेत, एकक आणि दशांशचिन्हासह, आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून पाहावं. वाचणारा विषयातला नसला तर उत्तमच, कारण तो अपेक्षेने वाचत नाही, जे आहे ते वाचतो. घरातली मोठी मुलं, सासूबाई, शेजारचे निवृत्त शिक्षक, कुणीही हे काम करू शकतं. रोडपालीत अशी वाचनं मी पाहिली आहेत. भिवंडी-पनवेल रस्त्यावरच्या ट्रेलरचा आवाज खिडकीतून येत असतो आणि आत एक बाई ‘शून्य दशांश शून्य शून्य सात’ असं सावकाश म्हणत असते. त्या एका बैठकीत जेवढ्या चुका सापडतात तेवढ्या पडद्यावर चार वेळा वाचूनही सापडत नाहीत. तक्ते झाले की शीर्षक, लेखकांची नावं, गोषवारा. सर्वांत मोठ्या अक्षरातली चूक सर्वांत उशिरा दिसते, कारण शीर्षक कुणी वाचत नाही, ओळखतं.

हक्कांच्या कागदाबद्दल पुस्तकात सविस्तर आहे. इथे एवढंच सांगते की संपर्क-लेखक सही करतो ती सगळ्या सहलेखकांच्या वतीने, म्हणून सहीआधी तो कागद सगळ्यांना दाखवावा. परीक्षकांनी मान्य केलेली प्रत आपल्या संस्थेच्या भांडारात ठेवायची मुभा अनेक प्रकाशक ठरावीक मुदतीनंतर देतात. त्यासाठी ती प्रत जपून ठेवावी लागते, आणि आपले लोक नेमकी तीच पुसून टाकतात. छापील पीडीएफ असताना जुनी कशाला, असं त्यांना वाटतं.

ऋणनिर्देश हा भागही शेवटच्या क्षणी घाईत लिहिला जातो. अनुदान देणाऱ्या संस्थेचं नाव आणि क्रमांक त्यात असतो, गाईडचे आभार असतात. विहिरीचं झाकण उघडून देणारा, दर महिन्याला नमुन्याच्या बाटल्या सांभाळणारा, प्रयोगशाळेत रात्री थांबणारा मदतनीस मात्र राहून जातो. नाव छापायला त्याची संमती आधी घ्यावी, आणि मिळाली तर नाव पूर्ण आणि अचूक लिहावं. त्याला इंग्रजी निबंध वाचता येणार नाही, पण आपलं नाव तो नक्की शोधेल.

एक प्रकरण नाइलाजाने घालावं लागलं. पैसे भरा आणि तीन दिवसांत छापून घ्या अशा नियतकालिकांनी गेल्या काही वर्षांत आपल्या प्राध्यापकवर्गाचं फार नुकसान केलं. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंदही केली; आता नियतकालिकाची पारख संस्थांनी आणि लेखकांनीच करायची आहे. पारखीच्या अनेक खुणा आहेत. माझ्या कामातून दिसणारी खूण ही की तिथून प्रूफ येत नाही, किंवा आलं तर त्यावर एकही प्रश्न नसतो. जिथे तुमचा मजकूर कुणी वाचलाच नाही, तिथे विचारण्यासारखं काय असणार? स्वीकारपत्रानंतर थेट पावतीच आली तर निबंध मागे घ्यावा. पदोन्नती सहा महिने लांबेल, चालेल.

प्रसिद्ध झाल्यावर चूक सापडली तर काय करायचं, हाही भाग पुस्तकात आहे. शुद्धिपत्र काढायला संकोच करू नये. प्रकाशकाची चूक आणि लेखकाची चूक यांसाठी वेगवेगळी शुद्धिपत्रं असतात, दोन्ही मूळ निबंधाला कायमची जोडली जातात, आणि जाणकार वाचक असं शुद्धिपत्र असलेल्या लेखकावर कमी नाही, जास्त विश्वास ठेवतात.

शेवटचं प्रकरण मराठी सारांशाचं आहे. कुठलंही नियतकालिक तो मागत नाही. पण ज्यांच्या विहिरीतून पाणी घेतलं, ज्यांच्या मुलांची उंची-वजनं मोजली, ज्यांनी प्रश्नावली भरायला अर्धा तास दिला, त्यांना निष्कर्ष त्यांच्या भाषेत मिळाला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. अंतिम प्रत तयार होते त्याच आठवड्यात तो लिहून काढावा, कारण आकडे तेव्हा डोळ्यांसमोर असतात आणि तपासलेले असतात. एक पान पुरतं. काय मोजलं, कुठे आणि कधी मोजलं, काय आढळलं, त्यावरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही. नियतकालिकाच्या नियमांप्रमाणे निबंध प्रसिद्ध व्हायची वाट पाहावी आणि मग हा सारांश ग्रामस्थांना, सोसायटीच्या फलकावर, प्रभाग कार्यालयात द्यावा. पाण्याच्या आणि आरोग्याच्या विषयांवरचे असे दोन नमुने प्रकरणाच्या शेवटी दिले आहेत. त्यांतले आकडे कल्पित आहेत आणि तसं प्रत्येक पानावर छापलं आहे. मांडणी मात्र जशीच्या तशी उचलून वापरायला हरकत नाही.

रोडपाली, पनवेल